परमवीरांच्या नावाची तेलवाहू जहाजं

८ ऑगस्ट १९८४ रोजी शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या ताब्यात एक नवं तेलवाहू जहाज आलं. त्याचं नाव ‘लेफ्टनंट रामा राघोबा राणे, पीव्हीसी’. राणे मूळचे कारवारजवळच्या चेंडिये गावचे, लष्करात बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या आपल्या रणगाड्यांच्या वाटेत सुरुंग पेरलेले होते, झाडं तोडून रस्त्यावर आडवी टाकलेली होती. वरून मारा चालू असताना, स्वतः जखमी असताना, राणे आणि त्यांच्या तुकडीने ती वाट मोकळी करत नेली. त्याबद्दल त्यांना परमवीरचक्र मिळालं. जहाजावर त्यांचं नाव रंगवलं गेलं तेव्हा राणे हयात होते. पुढे दहा वर्षांनी, १९९४ साली, ते पुण्यात वारले.

१९८४ पर्यंत परमवीरचक्राचे मानकरी एकूण पंधरा होते. कॉर्पोरेशनने त्या पंधराही जणांची नावं आपल्या कच्चं तेल वाहणाऱ्या जहाजांना दिली. मेजर सोमनाथ शर्मा, नाईक जदुनाथ सिंग, लान्स नाईक अल्बर्ट एक्का, फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों... हुद्द्यासकट अख्खं नाव आणि शेवटी पदकाची तीन अक्षरं. मुंबईत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर त्यांत होते, पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपालही होते. दोघेही पूना हॉर्सचे, दोघेही रणांगणावर गेलेले. पंधरांपैकी राणे, करम सिंग, धनसिंग थापा आणि होशियार सिंग हे चौघे तेव्हा जिवंत होते.

त्या पंधरा जहाजांपैकी एकही आज पाण्यावर नाही. राणेंच्या नावाचं जहाज पंचवीस वर्षं चाललं आणि मग मोडीत निघालं. बाकीच्यांचंही कमीअधिक तसंच झालं.

माझा या जहाजांशी संबंध लग्नाने आला. मी डोंबिवलीत शाळेत भूगोल शिकवत होते आणि आमचे हे कॉर्पोरेशनच्या टँकरवर इंजिनीअर होते, पुढे चीफ इंजिनीअर झाले. डोंबिवली म्हणजे सकाळची फास्ट लोकल पकडणारं गाव अशी सगळ्यांची समजूत असते. पण आमच्या ओळखीत पहाटेची लोकल न पकडणारीही बरीच घरं होती. त्या घरांतला माणूस सहा-सात महिने दिसायचा नाही, आणि मग एका दुपारी दोन मोठ्या बॅगा घेऊन रिक्षातून उतरायचा. ठाण्यात चरईत, कल्याणला पारनाक्याकडे, आमच्याकडे टिळकनगरात अशी बोटीवरच्या लोकांची घरं होती. कोकणातून आलेले खलाशी, पंपमन, भंडारी (म्हणजे बोटीवरचे स्वयंपाकी) दिव्याला आणि मुंब्र्याला राहायचे. बायका-बायकांची ओळख अलॉटमेंटवरून व्हायची. अलॉटमेंट म्हणजे पगारातला जो भाग कंपनी दरमहा घरी पाठवते तो. ‘तुमची आली का?’ एवढ्यावरून मैत्री जमायची.

आपल्या भागातल्या माणसाला ही जहाजं कधी दिसत नाहीत, पण त्यांनी आणलेलं तेल रोज लागतं. घारापुरीला लाँचने जाताना डावीकडे एक बेट लागतं, गोल टाक्यांनी भरलेलं. ते जवाहर द्वीप, जुनं नाव बुचर आयलंड. १९५४ साली ट्रॉम्ब्याला एस्सोची रिफायनरी सुरू झाली (तेव्हा कंपनीचं नाव स्टँडर्ड व्हॅक्युम होतं), १९५५ साली शेजारीच बर्मा शेलची, आणि त्यांच्यासाठी या बेटावर जेट्ट्या बांधल्या गेल्या. टँकर बेटाला लागतो, तेल जहाजातून उपसलं जातं आणि समुद्राच्या तळावरच्या पाइपांतून माहुलच्या बाजूला जातं. कळवा, ऐरोली, वाशी करत खाली येणारं ठाण्याच्या खाडीचं पाणी ट्रॉम्ब्यापाशी, पीरपावच्या जेट्टीजवळून, त्याच बंदरात मिसळतं. म्हणजे ठाण्याच्या पुलाखालचं पाणी आणि टँकर ज्यावर तरंगतो ते पाणी एकच.

रिफायनरीतून निघालेलं रॉकेल, डिझेल, फर्नेस ऑइल रेल्वेने जायचं. डोंबिवली स्टेशनात लोकलची वाट बघत उभं असताना थ्रू लाइनवरून काळ्या गोल वाघिणींची गाडी धडधडत कल्याणकडे जायची आणि पुढे घाट चढायची. मुंबई-पुणे आणि मुंबई-मनमाड पाइपलाइन झाल्यावर ती वाहतूक कमी झाली. रेशन दुकानापुढे रॉकेलसाठी लावलेली डब्यांची ओळ माझ्या पिढीतल्या कुणालाही आठवेल. डबा तिथे ठेवून माणसं घरी जात आणि डबा आपला नंबर राखून असे. एमआयडीसीतल्या कारखान्यांचे बॉयलरही त्याच तेलावर पेटत. माझ्या वर्गातल्या मुलांना मी खनिज तेलाचा धडा शिकवायची तेव्हा नकाशात इराण दाखवायची आणि मग विचारायची, ‘तिथून तुमच्या डब्यापर्यंत कसं आलं?’ ‘रेल्वेने’ हे उत्तर यायचं. जहाज कुणाला सुचायचं नाही.

मला एकदा ह्यांच्याबरोबर जायला मिळालं. अधिकाऱ्यांना बायकोला बरोबर नेण्याची मुभा असायची, पण इराण-इराक युद्धाच्या काळात आखाताकडे नाही. युद्ध थांबल्यावरच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गेले. बंदरातून लाँच, लाँचमधून हलती शिडी, आणि शिडीच्या टोकाला अंगावर सूट असलेला क्वार्टरमास्टर. त्याने नाव विचारायच्या आधी विचारलं, ‘बाई, काडेपेटी आहे का पर्समध्ये?’

तेलवाहू जहाज म्हणजे पाण्यावर तरंगणारा एक मोठा पिंप असेल असं मला वाटायचं. आत ते भिंतींनी विभागलेलं असतं. मधली ओळ सेंटर टँकची, दोन्ही कडांना विंग टँक, आणि प्रत्येक टाकीला स्वतःचे व्हॉल्व्ह. अशी वाटणी नसती तर एवढा द्रव एकदम एका अंगाला लोटला गेला असता आणि जहाज कलंडलं असतं. राहण्याची जागा, इंजिन, चिमणी सगळं मागच्या टोकाला. पुढे नजर जाईल तिथवर डेक, त्यावर पाइपांचं जाळं आणि मधून जाणारा लोखंडी पूल. माल भरलेला असताना जहाज इतकं खाली बसतं की लाटा डेकवरून वाहून जातात, म्हणून चालायला तो उंच पूल. रिकामं झालं की तेच जहाज इतकं वर येतं की लाँचमधून शिडीकडे बघताना मान मागे टाकावी लागते.

टाकीत तेल किती आहे हे वरून मोजतात. झाकणापासून तेलाच्या पृष्ठभागापर्यंत किती पोकळी राहिली ते टेपने बघायचं, तापमान घ्यायचं आणि तक्त्यांवरून आकडा काढायचा. या मापाला अलेज म्हणतात. मोजायचे ते पंपमन आणि चीफ ऑफिसर. पंपमन हा टँकरवरचा फार महत्त्वाचा माणूस. कुठला व्हॉल्व्ह अर्धा फेरा जास्त फिरवला तर पुढच्या टाकीत काय होईल ते त्याच्या हाताला ठाऊक असतं. माझ्या फेरीतले पंपमन दापोलीकडचे होते, पन्नाशीतले, आणि पाइपावर कान ठेवून ‘आता हवा खेंचतोय, बंद करा’ असं सांगायचे.

सगळ्यात धोक्याची वेळ टाकी भरलेली असताना असेल असं कुणालाही वाटेल. पण खरी भीती टाकी रिकामी झाल्यावर. भरलेल्या टाकीत हवा कमी असते. रिकाम्या टाकीत तेलाची वाफ आणि हवा दोन्ही एकत्र येतात, आणि एक ठिणगी पुरते. डिसेंबर १९६९ मध्ये ‘मार्पेसा’, ‘मॅक्ट्रा’ आणि ‘काँग हाकोन सातवा’ या तीन अजस्र टँकरमध्ये लागोपाठ स्फोट झाले. तिन्ही जहाजं रिकामी परतत होती आणि टाक्या धुतल्या जात होत्या. ‘मार्पेसा’ तर बुडालीच. काडी कुणी ओढली नव्हती. धुण्याच्या जोरदार फवाऱ्यामुळे टाकीभर जे धुकं तयार झालं, त्यात स्थिर वीज साठली आणि तिनेच ठिणगी पाडली, असा निष्कर्ष तपासातून निघाला. या स्फोटांनंतर टँकर बांधण्याची आणि चालवण्याची पद्धत बदलली. बॉयलरचा धूर समुद्राच्या पाण्याने धुऊन, गार करून टाक्यांमध्ये सोडायचा, म्हणजे टाकीतला ऑक्सिजन आठ टक्क्यांच्या खाली राहतो आणि आग लागूच शकत नाही. याला इनर्ट गॅस म्हणतात. हे घरी असले की जेवताना याविषयी बोलायचे, आणि मी ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायची.

पण ज्या वायूत आग जगत नाही त्यात माणूसही जगत नाही. बंद टाकीत, पंपरूममध्ये उतरलेला माणूस दोन श्वासांत कोसळतो, आणि त्याला वाचवायला धावत खाली उतरलेला दुसराही कोसळतो. जगभरच्या टँकरवरची ही जुनी, वारंवार घडलेली गोष्ट आहे. म्हणून उतरण्याआधी मीटर लावायचा, हवा खेळवायची, वर एक माणूस दोरी घेऊन उभा ठेवायचा, आणि तोपर्यंत कितीही घाई असली तरी थांबायचं. ह्यांचा स्वभाव घरातही तसाच झाला. गॅसचा वास आला की आधी खिडक्या, मग रेग्युलेटर, आणि दिव्याच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही. आमच्या सगळ्या मजल्याला ह्यांनी ते शिकवलं.

जहाजावर केबिनच्या कपाटात मी देव मांडले होते. समुद्रात असताना राहण्याच्या भागात, मेसमध्ये, निरांजन चालायचं. जेट्टीला लागलं की नाही. तेव्हा चीफ ऑफिसरने दिलेला सेफ्टी टॉर्च मी देवापुढे लावून ठेवायची. तिकडच्या बायकांनी आधीपासून पाळलेला रिवाज होता तो, मी नवीन काही केलं नाही.

मुंबईहून आखातातल्या तेलबंदरांपर्यंत जायला चार-पाच दिवस लागतात. होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जाताना मी ब्रिजवर उभी होते. मुलांना नकाशात बोटाने दाखवलेली ती चिंचोळी जागा. प्रत्यक्षात दोन्ही किनारे धूसर दिसतात, पण मोठ्या जहाजांना जायला दोन सागरी मैल रुंदीची एक मार्गिका, यायला तेवढीच दुसरी, आणि मध्ये तेवढंच अंतर. जगातलं केवढं तरी तेल त्या पट्ट्यातून एकामागोमाग एक बाहेर येतं.

माझ्या त्या फेरीच्या आधीची आठ वर्षं मी विसरू शकत नाही. सप्टेंबर १९८० मध्ये इराण आणि इराकचं युद्ध सुरू झालं आणि ऑगस्ट १९८८ मध्ये थांबलं. १९८४ पासून दोन्ही बाजू एकमेकांचं तेल नेणाऱ्या जहाजांवर हल्ले करू लागल्या. कुठल्या देशाचा झेंडा आहे याला फारसा अर्थ उरला नाही. चारशेहून अधिक व्यापारी जहाजांवर हल्ले झाले आणि चारशेहून अधिक दर्यावर्दी मारले गेले, जे कुठल्याच सैन्यात नव्हते. जगात आजवर तरंगलेलं सगळ्यात लांब जहाज, ४५८ मीटरचं ‘सीवाइज जायंट’, तेही मे १९८८ मध्ये इराकी विमानांनी लारक बेटापाशी पेटवलं.

परमवीरांच्या नावाची जहाजं नेमकी त्याच काळात ताफ्यात आली. आपल्याला इराणचं तेल हवं होतं, आखातातल्या इतर देशांचंही हवं होतं, आणि ते आणायला कुणीतरी आत जायलाच हवं होतं. आमच्याकडे फोन नव्हता. खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंकडे होता. रात्री त्यांच्या घरी फोन वाजला की मी जिन्यात येऊन उभी राहायची. आकाशवाणीच्या बातम्यांत ‘आखातात एका तेलवाहू जहाजावर’ एवढं ऐकू आलं की पुढचं नाव येईपर्यंत हातातलं काम थांबायचं. नाव परकं असलं की आधी जीव भांड्यात पडायचा, आणि मग लगेच त्या परक्या जहाजावरही कोण कोण असेल ते मनात यायचं, कारण परदेशी टँकरवरही आपली माणसं असायची. कल्याणच्या एक वहिनी दर सोमवारी उपास धरायच्या, त्यांचे यजमान सुखरूप परत आले तरी तो त्यांनी सोडला नाही.

कॉर्पोरेशनच्या ‘कांचनगंगा’ या महाकाय टँकरची गोष्ट मला फार उशिरा कळली, तीही भाचीमुळे. ती ठाण्यात कायदा शिकत होती आणि एक दिवस म्हणाली, ‘आत्या, काकांच्या कंपनीच्या जहाजावर आम्हाला प्रश्न असतो.’ झालं होतं असं. हे जहाज मोटर ऑइल हेलास या ग्रीक रिफायनरीने भाड्याने घेतलं होतं. भाडेकराराप्रमाणे माल भरायचं बंदर सुरक्षित असायला हवं. नोव्हेंबर १९८० मध्ये, युद्ध सुरू झालेलं असताना, भाडेकरूने इराणचं खर्ग बेट सांगितलं. जहाजमालकाने नकार दिला नाही. २३ नोव्हेंबरला जहाज खर्गला पोचलं आणि माल भरायला आपण तयार असल्याची नोटीसही दिली. बर्थची वाट बघत असताना १ डिसेंबरला इराकी विमानांनी खर्गवर हल्ला केला. कॅप्टनने जहाज काढलं आणि सुरक्षित अंतरावर नेलं. मालक म्हणाला दुसरं बंदर द्या, भाडेकरू म्हणाला खर्गच. यावरून जो वाद लागला तो लवादातून थेट ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १९९० मध्ये निकाली निघाला. लॉर्ड गॉफ यांनी दिलेला निर्णय असा होता: बंदर असुरक्षित आहे हे माहीत असून तिथे जाऊन तयारीची नोटीस दिली, म्हणजे त्या बंदराला हरकत घेण्याचा हक्क मालकाने सोडून दिला. पण म्हणून बॉम्ब पडत असताना तिथेच थांबण्याचं बंधन त्याच्यावर येत नाही. युद्धाच्या धोक्यासाठी करारात वेगळं कलम होतं, त्यामुळे जहाज काढून नेल्याबद्दल भरपाई द्यावी लागणार नाही.

भाचीला त्यातलं ‘हक्क सोडून देणं’ महत्त्वाचं होतं, कारण परीक्षेत तेच विचारतात. इंग्लंडपासून सिंगापूरपर्यंत कायद्याचे विद्यार्थी आजही ‘द कांचनगंगा’ वाचतात. मला त्यातली एकच ओळ धरून ठेवावीशी वाटली, की माणसं घेऊन धोक्याच्या बाहेर निघालेल्या कॅप्टनला न्यायालयाने दोषी धरलं नाही.

एवढा धोका पत्करून देशाने स्वतःचे टँकर का बाळगावेत, भाड्याने का घेऊ नयेत, हा प्रश्न तेव्हाही विचारला जायचा. उत्तर समजायला थोडं मागे जावं लागतं. शिपिंग कॉर्पोरेशनची स्थापना २ ऑक्टोबर १९६१ ची. ईस्टर्न आणि वेस्टर्न या दोन सरकारी जहाज कंपन्या एकत्र करून ती झाली. त्या वेळी आपल्या बहुतेक रिफायनऱ्या परदेशी कंपन्यांच्या होत्या, आणि कच्चं तेल कुठून, कोणत्या जहाजातून, किती भाड्याने आणायचं हे त्याच ठरवत. जून १९६७ मध्ये सुएझ कालवा बंद झाला तो आठ वर्षांनी उघडला. आपलं तेल आखातातून सरळ अरबी समुद्रात येतं, त्याला सुएझ लागत नाही. पण जहाजं साऱ्या जगाला एकाच बाजारातून भाड्याने मिळतात. युरोपचं तेल आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागलं, जास्त जहाजं अडकून पडली, आणि भाडं मुंबईच्या मालालाही वाढलं. मग ऑक्टोबर १९७३ चं तेलसंकट आलं. तीन डॉलरच्या आसपास असलेलं पिंप पुढच्या जानेवारीत साडेअकरा डॉलरच्या वर गेलं. १९७४ मध्ये सरकारने एस्सोचा कारभार हाती घेतला, १९७६ मध्ये बर्मा शेलचा. त्यांतून हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाल्या. रिफायनऱ्या आपल्या झाल्यावर तेल आणण्याचं कामही आपल्या झेंड्याखाली यावं, हे ओघानेच आलं.

त्याच सुमारास मुंबईच्या समुद्रात तेल सापडलं. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदकाम करणाऱ्या रिगने बॉम्बे हायला शोध लावला आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. उरणपर्यंतची पाइपलाइन १९७८ ची. मधली दोन वर्षं ते तेल समुद्रातच टँकरमध्ये भरून किनाऱ्याला आणावं लागलं. टँकर हाताशी नसते तर विहीर असून पोहरा नाही अशी गत झाली असती.

माझं मत सांगायचं तर, बाजारात भाड्याने जहाज मिळतं ते शांततेच्या दिवसांत. गोळे पडायला लागले की विमा महागतो, मालक नको म्हणतात, आणि तेव्हा आपल्या नोंदणीचं, आपल्या माणसांचं जहाज लागतं. ऑगस्ट २०१३ मध्ये कॉर्पोरेशनच्या ‘देश शांती’ला इराकचं तेल घेऊन येत असताना इराणने आखातात अडवलं आणि बंदर अब्बासला नेलं. प्रदूषण केल्याचा आरोप ठेवला. आपल्या सरकारने बोलणी केली आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जहाज सुटलं. जहाज आपलं होतं म्हणून सरकार बोललं, हे मी शेजारच्या मुलांना तेव्हा समजावून सांगितलं होतं.

या जहाजांचा शेवट मात्र कुठल्या युद्धाने केला नाही, वय आणि नियम यांनी केला. २४ मार्च १९८९ रोजी अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ हा टँकर खडकावर गेला आणि तेल समुद्रात सांडलं. अमेरिकेने १९९० मध्ये कायदा केला, की टँकरला दोन कवचं हवीत. बाहेरचा पत्रा फाटला तरी आतला तेल धरून ठेवील. डिसेंबर १९९९ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यासमोर ‘एरिका’ दुभंगली, नोव्हेंबर २००२ मध्ये स्पेनसमोर ‘प्रेस्टिज’. दोन्ही जुनी, एका कवचाची. त्यानंतर एका कवचाचे टँकर काढून टाकण्याची मुदत जगभर अलीकडे आणली गेली आणि २०१० पर्यंत बहुतेकांचा निकाल लागला. पंचविशी गाठलेल्या जहाजांना नवं कवच चढवणं परवडणारं नव्हतं.

हे नियम मला मनापासून पटतात. जुने टँकर परतताना तेलाच्याच टाक्यांत समुद्राचं पाणी भरायचे, नाहीतर रिकामं जहाज लाटांवर सावरत नाही. माल भरायच्या आधी तेच तेलकट पाणी समुद्रात सोडलं जायचं. कोकण आणि गोव्याच्या वाळूवर पावसाळ्यात येणारे डांबराचे गोळे आपण सगळ्यांनी तळपायाला लागलेले पाहिलेत, त्यात अशा सोडलेल्या पाण्याचाही वाटा. १९७३ आणि १९७८ च्या मार्पोल करारांनी ते थांबवलं, पाण्यासाठी वेगळ्या टाक्या आल्या. आपल्या खाडीला याचं महत्त्व जास्त आहे. ठाण्याच्या खाडीत हजारो रोहित पक्षी येतात, २०१५ पासून तिथे अभयारण्य आहे, २०२२ मध्ये ती पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन मालवाहू जहाजांची टक्कर झाली तेव्हा सांडलेलं तेल कांदळवनात शिरलं होतं. ती जहाजं टँकर नव्हती, तेल त्यांच्या स्वतःच्या इंधनाचं होतं, तरी एवढं झालं.

जुनं जहाज मोडायला बहुतेक वेळा अलंगला जातं, भावनगर जिल्ह्यात. १९८३ पासून तिथे हे काम चालतं. तिथली भरती खूप उंच चढते. मोठ्या भरतीच्या दिवशी जहाज पूर्ण वेगाने किनाऱ्यावर चढवायचं, ओहोटीला ते कोरड्यावर उभं राहतं, आणि मग गॅस कटरने पुढून मागे कापत जायचं. टँकर असेल तर आधी टाक्या धुऊन, वायूमुक्त करून, तसं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ‘सीवाइज जायंट’ युद्धानंतर दुरुस्त होऊन, नावं बदलत, शेवटी अलंगलाच कापलं गेलं. निघालेलं पोलाद रोलिंग मिलमध्ये जातं आणि त्याच्या सळया होतात. ह्यांच्या एका जुन्या जहाजाची बातमी आली तेव्हा हे दोन दिवस फार बोलले नाहीत. मग कपाटातून सीडीसी काढली, म्हणजे दर्यावर्दीचं नोकरीचं पुस्तक, आणि कुठल्या जहाजावर कधी चढले, कधी उतरले त्या तारखा एका वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून काढल्या. जहाजांपुढे इंजिनची जात, बॉयलर कुठल्या कंपनीचे, कुठला पंप सारखा त्रास द्यायचा, तेही लिहिलं.

२३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधल्या एकवीस बेटांना परमवीरचक्राच्या एकवीस मानकऱ्यांची नावं दिली गेली. राणेंच्या नावाचं बेट आहे आता. फार योग्य झालं. पण त्या दिवशीच्या बातम्यांत ही नावं आधी पंधरा जहाजांनी पाव शतक समुद्रावर वागवली होती, याचा उल्लेख मला कुठे ऐकू आला नाही.

कल्याणला दुर्गाडीच्या पायथ्याशी, खाडीकिनारी, नौदलातून निवृत्त झालेली टी-८० ही युद्धनौका आणून ठेवली आहे, आरमाराच्या स्मारकासाठी. जागा अगदी बरोबर निवडली आहे. कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांच्या आरमाराची जहाजं याच खाडीत बांधली गेली. टँकर काही दुर्गाडीला आणता येणार नाही, तेवढं पाणी खाडीला नाही आणि जहाजही उरलेलं नाही. पण एक भिंत मिळू शकते. तिच्यावर पंधरा जहाजांची नावं असावीत, प्रत्येकाचं ताफ्यात येण्याचं आणि मोडीत निघण्याचं साल असावं. शेजारी टँकरचा उभा छेद काढलेला असावा, म्हणजे सेंटर टँक, विंग टँक, पंपरूम मुलांना एका नजरेत कळेल. आखातापासून जवाहर द्वीपापर्यंत आणि तिथून माहुल, कल्याण यार्ड, रेशन दुकान असा तेलाचा रस्ता नकाशात दाखवावा. आणि ठाणे, दिवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण इथल्या घरांतून कॅप्टन, चीफ इंजिनीअरपासून पंपमन आणि भंडाऱ्यांपर्यंत जे जे या जहाजांवर गेले, त्यांच्या सीडीसी तपासून त्यांची यादी करावी. ती पुस्तकं अजून घराघरांतल्या कपाटांत आहेत. आमच्या घरची वही मी त्यासाठी द्यायला तयार आहे, आणि हेही पहिल्या दिवसापासून येऊन बसायला तयार आहेत.